सगळी मोठी अक्षरं

बाबा, आज पेणला माझ्या पाट्यांच्या दुकानात एक मूर्तिकार आले होते. परदेशी जाणाऱ्या गणपतींच्या खोक्यांवर त्यांना कारखान्याचं नाव जुन्या गॉथिक वळणाच्या इंग्रजीत हवं होतं, सगळं मोठ्या, कॅपिटल अक्षरांत. मी म्हटलं, "पहिलंच अक्षर मोठं ठेवा. या वळणाची मोठी अक्षरं फार नटलेली असतात, शेजारी-शेजारी बसली की एकही वाचता येत नाही." त्यांना पटलं. "कुठं शिकलात हो मॅडम?" त्यांनी विचारलं. "मुंबईला, कॉलेजात," मी म्हटलं.

रोह्याच्या घरी पडवीत बसून तुम्ही ही अक्षरं काढायचात. इंग्रजी तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण प्रत्येक अक्षराचं मोठं आणि लहान रूप हाताला पाठ होतं. वळण एका जुन्या सर्टिफिकेटवरून उचललेलं. चपटा ब्रश एकाच तिरक्या कोनात धरायचा, म्हणजे उभी रेघ जाड येते आणि जोडरेघ केसासारखी बारीक. रेघेच्या डोक्याला नि पायाला शंकरपाळ्यासारखा तिरका तुकडा. मी शेजारी बसले की म्हणायचात, "रेघ नको बघू गो, मधली जागा बघ. ती सारखी पडली की झालं."

मी कॉलेजातून सुट्टीला आले होते तेव्हा खांब गावाजवळच्या एका रिसॉर्टच्या मालकाला जुन्या विलायती थाटाची पाटी हवी होती. मी कॉम्प्युटरवर नाव सगळं मोठ्या अक्षरांत करून आणलं. तुम्ही कागद लांब धरून बघता. "हे कुनाला वाचता येनार नाय." मालक समोर उभे आहेत, आणि मी म्हणते, "बाबा, तुम्हाला मुळात इंग्रजी वाचता येतं का?" तुम्ही कागदाची घडी करून खिशात ठेवता. मग माझ्या कागदाबरहुकूम दोन दिवस पाटी रंगवता.

उद्‌घाटनाला आलेले पाहुणे रिसॉर्ट ओलांडून सरळ पुढे कोलाडला गेले. पाटी त्यांना दिसली होती, वाचता आली नव्हती. मालकानं सगळ्यांदेखत तुम्हाला झापलं. "अडाणी माणसाला काम दिलं ही माझीच चूक," तो म्हणाला. मी दोन हातांवर उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "पोरीनं बरोबर लिवून दिलं होतं, साहेब. माझ्याच हातून बिघडलं." आणि परांचीवर चढून, भर उन्हात, तुम्ही सगळं खरवडायला घेतलंत. मग नव्यानं रंगवलंत: पहिलं अक्षर मोठं, बाकीची लहान. संध्याकाळी रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतल्या एका बाईनं ते नाव मोठ्यानं वाचलं. परतताना तुम्ही एवढंच विचारलंत, "भूक लागली काय गो?"

तेव्हा मी बोलू शकले असते. नंतरही, तुम्ही गेलात तोवर, कितीतरी वर्षं होती.

हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवावं असं मनात होतं. पण फोटो आईच्या खोलीत आहे, रोज ती तो पुसते, पत्र तिच्या हाती लागेल. त्या दिवशी घरी आल्यावर "काय बिघडलं?" असं तिनं विचारलं, तेव्हा मी सांगितलं होतं की बाबांचं चुकलं. अजून ती तेच धरून आहे.