आणि सहकारी

८ नोव्हें., शनि.
नागपूरहून स्पीकरला जोडायचे दोन्ही डॅक आले. आठवडाभर घरी ऐका, एक ठेवा, एक परत करा, असं दुकानदाराचं म्हणणं. एक काळा, एक चांदीच्या रंगाचा. आईने काळा हातात घेऊन वजन बघितलं.
"हे काय करते?"
म्हटलं, मोबाईलमधून नुसते आकडे येतात, हा डबा त्यांचं पुन्हा गाणं करतो.
"मंग मोबाईल बी तर वाजते. तो काय करते?"
सुधीर जोरात हसला. सासू-जावई नेहमीसारखे एका बाजूला.
स्पीकर पुसले. फडकं काळं. चंद्रपुरात ही कोळशाची धूळ रोजचीच.

९ नोव्हें.
सुधीरला वाटतं मला नवा नाद लागलाय. लागलाय खराच. पण महागडा डबा हवा तो एका कॅसेटसाठी.
महिन्यापूर्वी गाण्यांच्या अ‍ॅपवर सापडली. झाडीपट्टीच्या नाटकांतली गाणी, कुणीतरी कॅसेटवरून चढवलेली. मुख्य गायिकेचं नाव, खाली "आणि सहकारी". सहकारी म्हणजे कोरसच्या चौघी. त्यांतली एक आई. लग्नाआधीची, नागभीडकडच्या याच नाटक मंडळीत होती तेव्हाची.
मी आईला गाताना कधीच ऐकलेलं नाही. लग्नाबरोबर नाटक सुटलं. मग मी तान्ही असताना गळ्याचं ऑपरेशन. तेव्हापासूनचा हा घोगरा आवाज, तोच माझ्यासाठी आई.
मोबाईलवर त्या चौघी म्हणजे धुकं. त्यातून एक बाहेर काढायची आहे. आधी मला सापडू दे, मग तिला ऐकवीन.

१० नोव्हें., सोम.
आई दुपारी शेजारच्या बाईंकडे गेली की ऐकायचं.
आज काळा. गोड आहे. पेटी अगदी जवळ, तबला ओलसर. पण चौघी एकाच गोधडीत. कुणाचा पाय कुठला कळत नाही.
लहानपणची मंडई आठवली, गावची जत्रा नि रात्रभर नाटक. दिवाळीनंतरचे दिवस, धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मांडव, खाली तणस, दोघींत एक चादर. नांदी सुरू झाली की आईचे ओठ हलायचे. आवाज नाही. मी नाटक सोडून तिच्या तोंडाकडे बघायचे. ती माझी हनुवटी धरून मान रंगमंचाकडे वळवायची.

११ नोव्हें.
चांदीचा लावला. काय सांगू.
पेटीच्या भात्याचा श्वास ऐकू येतो. कुणाच्या तरी बांगड्या. आणि गोधडी उसवली! उजवीकडे बाकीच्या एकमेकींत मिसळलेल्या, एक अगदी डावीकडे सुटी. ही डावीकडची ओळ घेण्याआधी छोटासा श्वास घेते, मग किंचित उशिरा येते. बारीक, पोरसवदा आवाज.
आई जिना चढून आली की बोलण्याआधी असाच श्वास घेते.
सापडली.

१२ नोव्हें.
चांदीचाच. दुकानदाराला अजून कळवलं नाही, पण ठरलं.
दिवसभर डावीकडची. दुसरं काही केलं नाही. भात करपला. सुधीर म्हणाला, "घासलेल्या कॅसेटसाठी एवढी मशीन!" त्याला सांगितलं मग सगळं. तो करपलेला भात मुकाट्याने जेवला.

१३ नोव्हें., गुरु.
आईला ऐकवलं. तांदूळ पाखडायचं सूप घेऊनच आली. पेटीचे पहिले सूर वाजले नि म्हणाली, "मास्तर आहे हा." सूप मांडीवर ठेवून खाली बसली.
कोरस आला. मी डावीकडे बोट दाखवलं, "ही तू."
तिने ऐकलं. मग हसायलाच लागली.
"हे कमली होय! आरमोरीची. नेहमी मागून उचले. मास्तर पेटीवरूनच डोळे काढे तिच्यावर."
म्हणजे तीन दिवस मी कमल मावशीसाठी रडत होते.
"मग तू कुठे?"
"मी नाई ऐकू येत."
"पण होतीस ना?"
"होती ना. कमलीच्या बाजूलेच. ऐकू नाई येत म्हंजे बरोबर म्हणून राह्यली होती."
चौघींत एकीचा आवाज वेगळा निघाला की मास्तर तिला खाली बसवत, म्हणे. मी पुन्हा लावलं, आवाज वाढवला, स्पीकरला कान लावला. आई वैतागली.
"कोरस ऐकून राह्यली का उवा पाहून राह्यली व?"
काळा लावला. तिने डोळे मिटले.
"हां. हे आम्ही."

१४ नोव्हें.
सकाळीच, "कमलीले फोन लाव." आणि वर, "ते वेगळी निघते ना ज्याच्यात, तो डब्बा लाव. चिडवतो तिले."
मोबाईल स्पीकरसमोर धरला. कोरस आला. मग कमल मावशी ओरडली, "अवो शांते, हे तं मीच! अजून बी मागंच!"
दोघी हसत सुटल्या. मग मावशीने त्यातलीच ओळ धरली, म्हाताऱ्या आवाजात. आईचे ओठ हलायला लागले. तसेच, मंडईतल्यासारखे. पण या वेळी आवाज आला. घोगरा, फाटका, सुरात की बाहेर मला कळलं नाही. मावशी मागे पडत होती, आई तिच्यासाठी थांबत होती.
मी मोबाईल धरून उभी. हात अवघडला तरी हलवला नाही.
ओळ संपली तेव्हा आई म्हणाली, "ठेवतो व कमले, चूल आहे." आमच्याकडे गॅस आहे.

१५ नोव्हें., शनि.
दुकानदाराचा माणूस सोमवारी येणार. कुठला बांधून ठेवू विचारलं, मी उद्या सांगते म्हटलं. काळ्यात आई आहे, पण सापडत नाही. चांदीच्यात सापडते ती कमल मावशी. सुधीर म्हणतो आईलाच विचार. आई म्हणते, "मले काय विचारतं, मले तं दोन्हीत मी मालूम आहो."
काळा खोक्यात ठेवला. काढला. चांदीचा ठेवला. पुन्हा जोडला.
एक गोष्ट आज लक्षात आली. डावीकडे मावशी श्वास घेते ना, त्या श्वासाच्या मागे ओळ आधीच सुरू झालेली असते. अगदी तिच्याजवळून. कुणीतरी वेळेवर उचललेली असते.
तेवढंच पुन्हा पुन्हा लावतेय. दोन्ही खोकी उघडीच आहेत.