दाराला लावलेली ट्रंक

३ फेब्रुवारी

चि. खजिनदारीणबाईंस,
अ. उ. आ.

दोन महिने पत्र नाही, म्हणून मी सरळ तुझ्या गोदामाच्या साहेबांनाच लिहिलं, की आमच्या धाकटीला लेकीसारखं सांभाळा. रागावू नकोस गं! किती अदबीनं उत्तर आलं त्यांचं. फौजेत जाऊन तीन वर्षं झाली, तरी मला तू नाक पुसायला माझी ओढणी ओढणारीच दिसतेस.

इकडे काकांचं खुब्याचं ऑपरेशन झालं. आता ते आपल्याकडेच, तुझ्या खोलीत आहेत. सारखी तुझी चौकशी करतात. रजा काढून ये, मलाही जरा मदत होईल. अजून ट्रंक दाराला सरकवून झोपतेस का?

लोभ आहे म्हणतेस, तो पत्रातून दिसू दे.

तुझी ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हो, सरकवते. इथे खोल्यांना आतून कडी नाही, तपासणीसाठी तसा नियमच आहे. मागच्या महिन्यात साहेबांनी दार ढकललं आणि ट्रंक सरकत गेली. काकांनी जे केलं तेच त्यांनी केलं, ताई. नऊ वर्षांची होते तेव्हा ओरडले नाही, आणि आता बंदूक चालवता येते तरी ओरडले नाही. स्वतःची इतकी चीड येते ना!

तुझं पत्र त्यांनी खिशातून काढून मला दाखवलं. म्हणाले, घरच्यांनीच तुला माझ्या हवाली केलंय. तक्रारीच्या अर्जावर पहिली सही त्यांचीच लागते, रजेच्या अर्जावरही. आणि रजा मिळाली तरी माझ्या खोलीत काका. सांग, मी जाऊ कुठे?

आमचं टपाल ते उघडतात. हे पत्र दवाखान्यातल्या सिस्टर बाहेरून टाकतायत, उत्तरही त्यांच्याच नावे पाठव. माझ्यावर विश्वास ठेव, एवढंच मागणं.

तुझी धाकटी

१७ फेब्रुवारी

चि. सोनूस,
अ. आ.

त्या मेल्याला पत्र लिहायची दुर्बुद्धी मला कुठून सुचली!

विश्वास ठेव म्हणतेस. अगं, ट्रंक सरकवायची युक्ती तुला शिकवली कुणी, आठवतं? मीच. तू आठ वर्षांची होतीस, मी पंधरा. कशासाठी ते मला पक्कं ठाऊक होतं, कारण आधी माझ्यावरच बेतलं होतं. तोंड उघडायचं सोडून मी तुला ट्रंक दिली, आणि वर खजिनदारीण म्हणून चिडवलं. सगळे हसायचे, म्हणजे कुणी काही विचारायचं नाही.

काकांना आज त्यांच्या मुलाकडे पोचवलं. का, तेही त्याला सांगितलं. तो मलाच वेडी म्हणाला. आईनं अबोला धरलाय. धरू दे.

तुझ्या साहेबांच्याही वरच्यांच्या नावे अर्ज लिहिलाय, त्यात माझंही सगळं आहे. टपालाचा भरवसा नाही, म्हणून तो घेऊन सोमवारी मीच येते. तुला बाहेर सोडणार नाहीत, मला आत घेणार नाहीत, एवढं कळतं मला. मी फाटकाशी बसून राहीन. तोवर सिस्टरच्या खोलीत झोप, एकटी नको.

माया कमी करू नकोस. करायचीच असली तर मला समोर बसवून कर.

तुझी ताई