पारावरून विहीर

९ एप्रिल, मंगळवार
छावणीतल्या मेजरसाहेबांचं काम लागलं. निवृत्त माणूस. रविवारी मित्रांसोबत टेबलावर बोटाएवढे शिपाई मांडून लढाया खेळतात. या वेळी तोफांनी उडवलेलं गाव हवंय. "देखा हुआ गाव बनाओ, कारागीर."
शेंद्र्याच्या कारखान्यांच्या भंगारातून फोम आणला. घरं आधी अख्खी बांधायची, नव्या वास्तूला लावतात तशी उदबत्ती लावायची, मग फोडायची. थेट पडकं केलं की खोटं दिसतं.

१२ एप्रिल
गावी, करमाडकडे. टँकर विहिरीत सोडत होते. कोंडीबा धनगर मेंढरं घेऊन आला. माझा धाकटा भाऊ बबन आडवा आला.
"मानसं तहानली, अन् तुझी मेंढरं आधी?"
"मेंढरालाबी नरडं असतंय, बबनराव."
बबनने डोक्यात पहार घातली. कोंडीबा खाली बसला. बसल्यावर दुसरी. नारळ फुटल्यासारखा आवाज. कठड्यावरून रक्त आत ओघळलं. लोकांनी तरी पोहरे सोडले.
मी पारावर होतो.

१३ एप्रिल
चौकीचा जमादार आला. त्याला म्हणालो, शाळेची भिंत आड होती, काही दिसलं नाही. त्याने भिंतीपाशी टाचा उंचावून पाहिलं, मान डोलावली. पारावर चढला नाही. कोंडीबा बेशुद्धच.
जप तीनदा चुकला.

१८ एप्रिल
ठरवलं नव्हतं. हात आपलंच गाव करत गेले, मापासकट. शाळा, भिंत, पार, विहीर. देऊळ टाळलं.
फोडायला बसलो. छपरं उपटली, भिंतींना तापली सळई घातली. एका घरापाशी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. आमचंच होतं.

२१ एप्रिल, रविवार
मेजरसाहेबांना पसंत. या खेळात गोळी झाडण्याआधी शिपायाच्या उंचीवर डोळा नेतात, समोरचा दिसतो का बघायला. साहेबांनी पारावर शिपाई ठेवला, गाल टेबलाला टेकवला.
"दीवार के ऊपर से कुआँ साफ दिखता है. मारा."
विहिरीजवळचा शिपाई उचलला. समोरचा मित्र चिडला. "एवढा उंच पार असतो कुठं? खाली कर रे हा."
माझ्याकडे बघून साहेब हसले. "तुम्हारा आदमी थोडे ही मरा?"

२३ एप्रिल
कोंडीबा सकाळी गेला. दवाखान्याच्या पायरीवर त्याची बायको. "भाऊ, तुमी पारावर व्हता." माझ्याकडे पाहिलंही नाही.
बबनचा फोन. "दादा, आता खुनाचं कलम लागलंय. उद्या पुन्ना जबाब हाय तुजा. भिंत इसरू नको."
त्याला खांद्यावर बसवून शाळेत नेत असे मी. वाटेत झोपायचा.

२४ एप्रिल
मित्राचं ऐकून साहेबांनी पार बुटका करायला परत पाठवलाय. पेरभर कापला. वाकून पाहिलं, विहीर दिसेना. तुकडा परत चिकटवला.
अकराला चौकीवर. बबन स्टँडवर न्यायला येतो म्हणाला.