तांबडी पिल्लं घेऊन बाहेर आली

४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

पत्रास कारण दोन: एक आनंदाचं आणि एक तुझ्या आईचं.

आनंदाचं आधी. तांबडीने पिल्लं काढली. खुडूक बसल्यापासून ती खुराड्याचा कोपरा सोडायला तयार नव्हती. कुणी जवळ गेलं की पिसं फुलवून अंगावर यायची. आपल्याकडे कोंबडा नाही, त्यामुळे तिची स्वतःची अंडी नुसती खायच्या कामाची. मग पलीकडच्या बेकरीवाल्याने कोंबडा पाळलाय, त्याच्याकडून अंडी आणून तिच्याखाली सरकवली. तिने ती निमूट पोटाशी घेतली. काल सहा पिल्लं निघाली, त्यातलं एक काळं कुळकुळीत. तुझ्या दादाने, आपण सुतार असल्याचा पुरावा म्हणून, जाळी ठोकून खुराड्याचा अर्धा भाग वेगळा केलाय. बाकीच्या कोंबड्यांचा भरवसा नाही, त्यातून मुकादमिणीचा तर मुळीच नाही. मुकादमीण म्हणजे ती थोरली पांढरी. ती चोचीवर माशी बसू देत नाही.

आता तुझ्या आईचं. तू सांगितल्याप्रमाणे मी त्यांच्या कानावर घातलं, की तुम्ही दोघं मुलगी दत्तक घेताय, पाच वर्षांची आहे, पुढच्या महिन्यात घरी येईल. आई टोमॅटोला पाणी घालत होत्या. 'बरं' म्हणाल्या आणि पुढच्या वाफ्याकडे वळल्या. त्यानंतर चकार शब्द नाही. उभा जन्म पोस्टाच्या खिडकीत काढला, समोरच्याशी कामापुरतंच बोलायची सवय, हे आपल्याला ठाऊक आहे. पण या 'बरं'चा मला काही थांग लागेना, म्हणून घडलं तसं कळवते.

लोभ आहेच, तो अधूनमधून पत्रातूनही दिसू दे.

तुझी,
वहिनी


११ फेब्रुवारी

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि हसता हसता एका गिऱ्हाइकाला भलत्याचाच चष्मा दिला. नशीब, त्याला त्यातून जास्त बरं दिसलं. तांबडीने बेकरीवाल्याची अंडी 'निमूट पोटाशी घेतली' हे तू एवढं ठासून का लिहिलंस, ते न कळण्याइतकी मी बावळट नाही. कोंबडीच्या तोंडून मला शहाणपण शिकवू नकोस.

रविवारी छोटीला भेटून आलो. ह्यांनी तिला आपल्या बसडेपोत नेऊन उभ्या बसमध्ये चालकाच्या जागेवर बसवलं. तिने दोन्ही हातांनी चाक धरलं आणि ह्यांच्याकडेच तिकीट मागितलं. ह्यांच्याकडे कुठलं तिकीट? तिने ह्यांना खाली उतरवलं. तेव्हापासून हे हवेत आहेत, भेटेल त्याला ही गोष्ट सांगत सुटलेत.

पण आईच्या 'बरं'ची मी धास्तीच घेतली. ती ओरडली असती, भांडली असती, तर मीही भांडले असते. गप्प माणसाशी काय भांडायचं? म्हणून आम्ही ठरवलंय, वर्षभर छोटीला तिकडे आणायचं नाही. इथे रुळू दे, आम्हाला आईबाबा म्हणू लागू दे, मग बघू. एकदा घर सुटलेलं पोर आहे गं ते. तिने आजी म्हणून हाक मारली आणि आईने तोंड फिरवलं, तर मी तिला काय समजावू? मला त्या विचारानेच रडू येतं. आईला मात्र यातलं काही सांगू नकोस.

लोभ ठेव आणि तोंडावर ताबाही.

तुझी,
वन्सं


१९ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

रागावण्याआधी पत्र शेवटपर्यंत वाच. तुझं पत्र मी आईंना वाचून दाखवलं. अख्खं.

त्या मागच्या दाराशी बटाटे सोलत बसल्या होत्या. ऐकून झाल्यावर सुरी खाली ठेवली, तुझ्या दादाची पक्कड घेतली, खुराड्याशी गेल्या आणि जाळीचे खिळे उपटायला लागल्या. मी मागे धावले, हात धरला, पण त्या कुठल्या ऐकतात. जाळी निघाली तशी तांबडी ताठ मानेने बाहेर आली आणि मागोमाग सहाच्या सहा पिल्लं. मुकादमीण वाटच बघत होती. तिने येऊन काळ्याला टोच मारली. तांबडी अशी काही उसळली म्हणून सांगू! मुकादमीण पाण्याच्या भांड्यात जाऊन पडली. उठली, अंग झटकलं आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात दाणे टिपू लागली. दुपारपर्यंत पिल्लं सगळ्यांच्या पायांत लुडबुडत होती. काळं तर मुकादमिणीच्या चोचीखालचे दाणे पळवतं आणि ती सरकून जागा देते.

एखादं मेलं असतं म्हणजे, असं मी आईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, "वेगळी वाढवलीस तर मोठेपणी परकीच ठरतात. आत्ता आईच्या मागून आली, की घरचीच."

मग हात धुतले, टेबलाशी माझ्याकडे पाठ करून बसल्या आणि पत्र लिहिलं. पेटीत मीच टाकलं. पत्ता तुझ्या घरचा आहे, पण नाव तुझं नाही. पाकीट उजेडासमोर धरूनसुद्धा पाहिलं नाही, एवढा त्याग माझ्या हातून आजवर झालेला नाही.

राग येऊन गेला असेल तर लोभ पुन्हा सुरू करावा.

तुझी,
वहिनी


१९ फेब्रुवारी

चि. छोटीस,
आजीचे अनेक आशीर्वाद.

तू त्या घरी पोचशील तेव्हा हे पत्र तुझ्या आधी येऊन बसलेलं असेल. मुद्दाम लवकर टाकते आहे. ज्याच्या नावाने पत्र येतं तो त्या घरचा असतो. वाचता येत नसलं तर तुझ्या आईकडून वाचून घे. पुढचा थोडा मजकूर तिला आहे, तो तिने मनात वाचावा.

मला नात होणार हे तू स्वतः सांगायचं सोडून वहिनीकडून कळवलंस, याचा मला राग आला. म्हणून गप्प होते. टोमॅटोच्या वाफ्यात जाऊन मी आनंदाने रडले, ते सुनेला दाखवायचं नव्हतं, इतकंच. आणि माझी नात वर्षभर मला दाखवणार नाहीस, हे मी चालवून घेणार नाही.

छोटे, आता पुन्हा तुझ्यासाठी. आमच्याकडे एक काळं पिल्लू आहे, फार आगाऊ. त्याला अजून कुणी नाव दिलेलं नाही. पिल्लं भराभर वाढतात आणि मीही काही तरुण होत नाही, तेव्हा लवकर ये. येताना तुझ्या आईला हाताला धरून आण. ती जरा भित्री आहे, पण माझी लेक आहे.

तुझी,
आजी