‘मथुरा’साठी अकरा पेनं

२७ जुलै १९८६, रविवार
वडिलांची, म्हणजे नानांची, होडी ‘मथुरा’ मोडीत निघाली त्याला चार महिने झाले. तेव्हापासून म्हातारा बंदराकडे फिरकलेला नाही. नारळी पौर्णिमेला पूजेला बोट तर हवी. म्हणून मी फूटभर लांबीची हुबेहूब ‘मथुरा’ बनवली आहे. झकास! फक्त नाव लिहायचं बाकी. आईचं नाव आहे, कसंतरी लिहून चालणार नाही. ब्रशचा भरवसा नाही, मार्करच हवा. दोन दिवसांचं काम.

३ ऑगस्ट
शास्त्रशुद्ध करायचं तर वेळ लागतोच. अंधेरी स्टेशनसमोरच्या दुकानातली सगळी पेनं रेघा मारून पाहिली. दुकानदाराने शेवटी पेनांचा डबाच आत ठेवला. कलेची कदर नाही.

७ ऑगस्ट, संध्याकाळ
अकरा पेनं जमली. तक्ता केला: जाडी, काळेपणा, वास. उन्हात ठेवून बघायची होती, ऊन पडेना, म्हणून बल्बखाली ठेवली. शेजारच्या चंदरने दुबईहून आणलेलं पेन पहिलं आलं. सगुणा सुक्या बोंबलांची पाटी उतरवत म्हणाली, पाणी लावून बघितलंत का. बायको चांगली आहे, पण मॉडेलिंगमधलं तिला काय कळणार. ही बोट कपाटावर राहणार.

१४ ऑगस्ट
ऑफिसला दांडी. हात थरथरू नये म्हणून चहा सोडला. आता जास्तच थरथरतो.

१८ ऑगस्ट
लिहिलं! ‘म’ तर छापल्यासारखा. नाना लांबून बघत होते. भारावले असणार.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
नानांनी लाल टोपी चढवली, पूजा मांडली आणि दरवर्षीसारखं तांब्याने बोटीवर समुद्राचं पाणी घातलं. लहानपणापासून बघतोय मी हे. ‘मथुरा’ फळीवरून ओघळून पाटावर आली. मला रडू आलं, खोटं कशाला लिहू. सगुणाने तोंडाला पदर लावला. नाना त्या काळ्या पाण्याकडे बघत राहिले आणि हसायला लागले. चार महिन्यांत पहिल्यांदा.

म्हणाले, “अनंता, कोली हायस ना रं? बोट पान्यात भिजते.”

मग खाटेखालून जुन्या होडीच्या ऑइलपेंटचा डबा काढला, काडेपेटीतली काडी बुडवली आणि मिनिटभरात नाव लिहिलं. ओल्या रंगानिशीच बोट घेऊन बंदरावर गेले, सगळ्यांना दाखवायला.

काडी कुठल्या कंपनीची होती, विचारायचं राहिलं.