दोन आवाज आणि खिडकीजवळची खुर्ची

सोमवार, ७ जुलै २०२५

प्राचार्य विजयसिंह सरनोबत यांना अजूनही वाटते की माझा संगणक जादूने बोलतो! पडद्यावरचा मजकूर उच्चारून दाखवणारा प्रोग्राम असतो, त्याला स्क्रीन रीडर म्हणतात, हे आज पुन्हा समजावले. ऐकून घेऊन ते मुद्द्यावर आले. माझा जुना स्क्रीन रीडर आणि संगणक विभागातील आदिती मगदूमने सुचवलेला नवा, दोन्ही वापरून तुलनात्मक अहवाल द्यायचा. यंत्राने काम भागत असेल तर 'वाचक' हे पद महिनाअखेर बंद.

म्हणजे मेहमुदाबाई.

सहा वर्षे त्या मला वाचून दाखवतात — उत्तरपत्रिका, सभांची इतिवृत्ते, स्कॅन केलेली जुनी पाने. रोज हुपरीहून बसने येतात. त्यांना यातले काहीही सांगितलेले नाही. सांगण्याचे कारणही नाही; निर्णय पुराव्यावर होईल.

खरे तर मलाच हे पद नको आहे. दृष्टी गेल्यापासून प्रत्येक वाक्य माझ्याकडे दुसऱ्याच्या तोंडून येते. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला हे शोभत नाही.

हे सर्व मी त्या शेजारी बसलेल्या असतानाच टंकत आहे! कानात इअरफोन, आणि स्क्रीन रीडरमधल्या सोयीने पडदा काळा केलेला. मला ऐकू येते, जगाला दिसत नाही. अंध माणसाला आतून कडी लावता येईल अशी ही एकच खोली.

मंगळवार, ८ जुलै

नवा बसवला. आदितीने घाईघाईत काम उरकले आणि तासाला पळाली. आजपासून सगळे टंकन नव्यावर, रोजनिशीसुद्धा.

मराठी उच्चार जुन्यापेक्षा स्वच्छ. जोडाक्षरांवर अडखळत नाही. वेग वाढवला तरी शब्द फुटत नाहीत. तक्त्यात मात्र कोणता आकडा कोणत्या रकान्यातला हे सांगत नाही. नुसते आकडे ओतत जातो. तिथे जुना सरस. जुन्या फाँटमधले एक परिपत्रक दोघांनीही निरर्थक इंग्रजी अक्षरांचा ढीग म्हणून वाचले. ते अखेर मेहमुदाबाईंनी वाचले. नोंद केली.

बुधवार, ९ जुलै

तुलना न्याय्य व्हायची तर तिसऱ्या वाचकाचेही दोष लिहिले पाहिजेत. मेहमुदाबाई प्रत्येक परिच्छेदाआधी घसा खाकरतात. विद्यार्थ्याचे उत्तर चुकले की आवाजात कीव उतरते — मी गुण देण्याआधी त्या देऊन मोकळ्या!

आणि वास. त्यांच्या घरी पैंजणे करतात. चांदी उजळायच्या आम्लाचा आंबट दर्प पदराला असतो, त्यात बसचा घाम. त्या जवळ वाकून वाचू लागल्या की मी श्वास रोखून ऐकतो. यंत्राला वास नसतो. हा मुद्दा अहवालात घालता येणार नाही, म्हणून इथे.

शुक्रवार, ११ जुलै

मेहमुदाबाईंनी आपली खुर्ची खिडकीकडे नेली. कारण विचारले. "वारं येतंय हितं, सर." ठीक.

सोमवार, १४ जुलै

सुखद आश्चर्य! घसा खाकरणे थांबले आहे. आजच्या उत्तरपत्रिका त्यांनी सपाट, स्वच्छ, निर्विकार वाचल्या. वास नाही, असलाच तर साबणाचा, तोही पुसट. माझ्या शिस्तीला उशिरा का होईना, फळ आले.

एक गोष्ट मात्र खटकते. पूर्वी आल्या आल्या त्या बसमधल्या भांडणाचा वृत्तांत देत. जागेवरून कोण कोणाला काय बोलले, कंडक्टरने कसे झापले, सगळे आवाज काढून. मी हसत नसे. निदान हसू दिसू नये असा प्रयत्न करी. आज मीच विचारले, बसमध्ये आज काही झाले नाही का?

"न्हाय, सर. समदी गप बसल्यात."

बुधवार, १६ जुलै

प्राचार्यांनी अहवालाची आठवण केली. हा मनुष्य अहवाल वाचणार नाही. शेवटचे वाक्य पाहील आणि सही करील. इतिहासातली डॉक्टरेट मिरवतो, परंतु एक नोटीस धड लिहिता येत नाही. संस्थेच्या अध्यक्षांपुढे कमरेत वाकतो, तो दुपारपर्यंत सरळ होत नाही!

गुरुवार, १७ जुलै

संताप अजून उतरलेला नाही.

कालची नोंद तपासत होतो. आदल्या दिवशीचे एकही वाक्य मी न सुधारता सोडत नाही. इतक्यात न कळवता प्राचार्य आत आले. "काय डॉक्टर, बघू तरी तुमची जादू," म्हणत थेट टेबलाला वळसा घालू लागले. मी निश्चिंत होतो. तेवढ्यात खिडकीकडून घाईची पावले, बांगड्यांचा आवाज, आणि मॉनिटरचे बटण खट्ट दाबले गेले.

"अहो बाई, बंद का केलात?"

"उजेडानं डोळं चुरचुरत्यात, सर. आन् आमच्या सरांस्नी कुठं पडदा लागतोय?"

प्राचार्य पोट धरून हसले. माझ्या आंधळेपणावर विनोद, माझ्याच खोलीत, माझ्याच वाचकाकडून! माझ्या यंत्राला हात लावून! आणि काळ्या पडद्याचा उजेड कसला? या बाईंना खोटेसुद्धा जुळवून बोलता येऊ नये!

ते गेल्यावर मी एवढेच म्हणालो, "तुम्ही मर्यादा सोडलीत." पिशवी उचलल्याचा आवाज आला, मग दाराचा.

शुक्रवार, १८ जुलै

अहवाल दिला. मराठी मजकुरासाठी नवा, तक्त्यांसाठी जुना, दोन्ही ठेवावेत. हस्तलिखिते आणि जुन्या फाँटमधील कागद यांची व्यवस्था यथावकाश करावी. वाचकाच्या पदाची आवश्यकता नाही. शेवटी एक वाक्य जोडले: वाचकाने परवानगीविना यंत्रात हस्तक्षेप केल्याचा प्रसंग घडला आहे.

प्राचार्यांनी तेवढेच वाक्य मोठ्याने वाचले आणि सही केली.

सोमवार, २१ जुलै

दोन्ही प्रोग्राम नीट लावून द्यायला आदिती आली. मेहमुदाबाई कार्यालयात गेल्या होत्या. आदिती माझ्या खुर्चीत बसली. मग हळूच म्हणाली, "सर, ही फाइल खासगी आहे का? बंद करू?"

पडदा काळा असताना तुला फाइल दिसतेच कशी, असे मी विचारले.

"काळा कुठाय, सर? ते सेटिंग तुमच्या जुन्यात होतं. नव्यात वेगळं लावावं लागतं, मला वाटलं तुम्ही लावलं असेल. हे सगळं दिसतंय. खिडकीपासूनसुद्धा वाचता येईल."

येईलच. दृष्टी जात होती तेव्हा मी अक्षरे मोठी मोठी करत गेलो होतो. पुन्हा लहान करण्याचे कारण कधी पडले नाही.

खुर्ची. साबण. गप्प बसलेली बस. आणि ते बटण! 'कमरेत वाकतो' हे वाक्य त्या क्षणी पडद्यावर होते, आणि प्राचार्य दोन पावलांवर.

भिंत धरत एकटाच त्यांच्या खोलीत गेलो, अहवाल परत मागितला. "तो वर गेला, डॉक्टर. संस्थेकडं. नवं पत्र द्या, बघू." पत्र तिथेच टंकून दिले: दोष यंत्राचा नाही, वाचकाचा नाही, माझा आहे, पद आवश्यक आहे. ते पुन्हा म्हणाले, बघू.

मंगळवार, २२ जुलै

पडदा उघडा ठेवला आहे. दोन्ही स्क्रीन रीडरचे आवाज बंद आहेत. हे मी न ऐकता टंकतो आहे, चुका असतील.

मेहमुदाबाई, तुम्ही सर्व वाचले आहे. वासाविषयी लिहिले ते लिहायला नको होते. पद राहील की नाही, मला ठाऊक नाही. काढा म्हणून मीच लिहून दिले होते. खुर्ची टेबलापाशी आणा असे सांगण्याचा अधिकार आता मला नाही. इतकीच विनंती, ही नोंद मला वाचून दाखवा.

खुर्ची सरकली नाही.

खिडकीपाशी कुणीतरी घसा खाकरला.