समजुतीने परत गेली

१४ मार्च

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. तुझ्या गुडघ्यांचं तुझ्या लेकीकडून कळलं. जिने चढू नकोस. इकडे आम्ही दोघं ठीक. माझा मोतीबिंदू काढला, त्यामुळे माझं अक्षर किती वाईट आहे ते आता मलाही दिसायला लागलंय.

येत्या गुरुवारी सभागृहातला माझा शेवटचा दिवस. पाच वेळा निवडून आलो, आता पुरे. पक्ष गौरवग्रंथ काढतोय. मुखपृष्ठावर जुना फोटो, म्हणजे डोक्यावर केस असलेला. संपादक गेल्या आठवड्यात घरी आले. म्हणाले, "साहेब, सुरुवात त्या भाषणानेच करू. तुमचं नाव त्यानेच झालं."

ते भाषण तू कधी वाचलंस का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मार खाणाऱ्या बायकोला घरातच राहता यावं आणि नवऱ्याने बाहेर पडावं, असं ते विधेयक होतं. मी विरोधात उभा राहिलो. म्हणालो, "घरं कायद्याने टिकत नाहीत, मोठ्या मनाने टिकतात. माझी सख्खी बहीण रागावून माहेरी आली होती. चार दिवसांत समजुतीने परत गेली." बाकं वाजली. विधेयक सात मतांनी पडलं आणि पुढच्या वर्षी मी मंत्री झालो.

संपादकांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. तुझी वहिनी चहा घेऊन आली होती. तिने ट्रे तसाच ठेवला आणि आत निघून गेली.

तू आलीस तेव्हा तुझा हात गळ्यात बांधलेला होता. "पडले," म्हणालीस. मी म्हणालो, "सांभाळून चालावं." मानेवरचे वळ मला दिसत होते, ठमे. मी पेपर वाचत बसलो.

विधेयक पुढच्याच आठवड्यात यायचं होतं. पक्षाध्यक्षांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्याकडे कोण आलंय म्हणे?" एवढंच. पुढचं मला कळलं.

चौथ्या दिवशी तुझा नवरा दारात उभा राहिला. तू वहिनीकडे पाहिलंस. "तूच कळवलंस ना?" तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. तू बॅग उचललीस. त्यानंतर आमच्या घराची पायरी चढली नाहीस. माझ्या मुलीच्या लग्नात सगळ्यांशी बोललीस, एक वहिनी सोडून.

फोन मी केला होता. ऑफिसचं दार लावून. "घेऊन जा, पण गाजावाजा नको," असं म्हणालो. मार थांबव, एवढंसुद्धा म्हटलं नाही.

तू गेलीस त्याच संध्याकाळी वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "हे तुम्ही तिला सांगा. मी सांगणार नाही, आणि तुमच्या वाटचं खोटंही बोलणार नाही." मी म्हणालो, एवढं अधिवेशन होऊन जाऊ दे. त्याला बावीस वर्षं झाली. तू त्या माणसाबरोबर आणखी नऊ वर्षं काढलीस, तो मरेपर्यंत. आणि मी गावोगाव कुटुंबावर व्याख्यानं देत हिंडलो.

ग्रंथाची छपाई मी थांबवली. गुरुवारी उभं राहून सांगायचं ठरवलं की ते भाषण खोटं होतं. बहीण समजुतीने गेली नव्हती, मी तिला धाडलं होतं. निवेदन लिहिलं, वहिनीला दाखवलं. वाटलं होतं, तिला बरं वाटेल.

तिने वाचलं आणि विचारलं, "तिला विचारलंत?"

मी कागदाची घडी घालू लागलो.

"तेव्हाही नव्हतं विचारलंत."

म्हणून हे पत्र. तू हो म्हणालीस तर बोलेन. नाही म्हणालीस तर गुरुवारी आभार मानून खाली बसेन, आणि त्याबद्दल तुला एक शब्द विचारणार नाही. माफी मागायला तोंड नाही, आणि तू ती द्यावीस अशी गळही घालत नाही.

उत्तर मला देऊ नकोस. वहिनीला फोन कर. इतकी वर्षं तुझा आवाज आला की ती फोन माझ्या हातात देते आणि आत जाते. या वेळी मी बाहेर जाऊन बसेन.

तुझा अपराधी,
दादा